स्थलांतरित मुलांचा ऑटिझम आकड्यांत का हरवतो?

अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये सोमालियातून आलेल्या कुटुंबांच्या मुलांत ऑटिझम (स्वमग्नता) फार, अशी बरीच वर्षं चर्चा होती. २०१३ साली मोजणी जाहीर झाली: सोमाली मुलांत ३२ पैकी एक, गोऱ्या मुलांत ३६ पैकी एक. म्हणजे जवळपास सारखंच. पण बुद्ध्यांकाची नोंद असलेल्या ऑटिस्टिक सोमाली मुलांपैकी प्रत्येकाला बौद्धिक अक्षमताही होती. मग सौम्य लक्षणांची मुलं गेली कुठे? स्टॉकहोममध्येही स्थलांतरितांच्या मुलांत बौद्धिक अक्षमतेसह ऑटिझमचं निदान जास्त, तिच्याशिवाय कमी आढळलं. यामागे इतरही कारणं असतील, पण सौम्य लक्षणं नजरेतून सुटतात हे त्यातलं एक.

विदर्भात ती सुटायला वाव भरपूर. मेळघाटातली कोरकू कुटुंबं मजुरीला बाहेर पडतात, गडचिरोली-चंद्रपूरकडचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलं तपासायला अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. नेमकं तेव्हाच लेकरू गावात नसतं. असलं तरी "घरी कोरकू, इथं मराठी, बोलेल उशिरा" म्हणून विषय संपतो. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही. शब्द मोजायचेच तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा.

त्यापेक्षा बोट बघा, त्याला भाषा लागत नाही. दीड वर्षाच्या मुलाला आईच्या मांडीवर बसवा, लांबच्या बकरीकडे बोट करून घरच्या बोलीत "ते बघ" म्हणा. ते बकरीकडे बघतं, की तुमच्या बोटाकडेच? पाणी हवं तर आईचा हात माठाकडे ओढतं, पण तिच्या तोंडाकडे बघतच नाही, हेही टिपून ठेवा. मागून नाव घेतल्यावर वळत नसेल तर आधी कानाची तपासणी. ताट वाजवलं की दचकतं म्हणून कान ठीक, हा हिशेब चुकीचा; अर्धवट बहिरेपणातही मोठा आवाज ऐकू येतो.

एम-चॅट-आर ही ऑटिझमसाठी पालकांना विचारायची २० प्रश्नांची चाळणी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. ३ ते ७ गुण आले तर तेच मुद्दे पुन्हा खोलात विचारायचे, ८ किंवा जास्त आले तर थेट जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात. चाळणी म्हणजे निदान नव्हे. गफलत होते ती इथं: परकी भाषा, समोर साहेब, मग पालक प्रत्येक प्रश्नाला "हो जी" म्हणतात. म्हणून "बोट दाखवतो का?" असं न विचारता "कसं दाखवतो, करून दाखवा" म्हणावं.

मजुरीला निघण्याआधी तपासणीच्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये घ्या, मुलाच्या वागण्याचे दोन-तीन व्हिडिओही. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड निघालं असेल तर तेही सोबत ठेवा. ते तेलंगणातही चालतं.