सॅन अँटोनिओचं टेक्स-मेक्स: चांगलं हॉटेल कुठलं, या वादामागचा इतिहास

टेक्सासमध्ये नोकरीनिमित्त आलेला मराठी माणूस लवकरच सहकाऱ्यांना विचारतो, इथलं चांगलं मेक्सिकन हॉटेल कुठलं? उत्तरं दोन तऱ्हेची येतात. काही जण एखाद्या जुन्या हॉटेलाचं नाव सांगतात, जिथे पिवळ्या चीजखाली बुडालेल्या एन्चिलाडा (मक्याच्या पातळ पोळ्यांच्या, म्हणजे टोर्टियांच्या, भरलेल्या गुंडाळ्या), भात आणि घोटलेल्या बीन्सचं ताट पिढ्यान्‌पिढ्या तसंच येतं. बाकीचे नाक मुरडतात: ते कसलं मेक्सिकन, ते तर टेक्स-मेक्स, टेक्सासी मेक्सिकन! खरं खायचं असेल तर मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या किंवा पुएब्लाच्या माणसानं चालवलेल्या ठिकाणी जा. ओआहाकाचं जेवण उत्तमच असतं, त्याबद्दल दुमत नाही. पण टेक्स-मेक्स म्हणजे त्याची बिघडलेली नक्कल, हा समज चुकीचा आहे आणि तो ज्यांचं हे अन्न आहे त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. तो का, हे कळायला टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओसारखं दुसरं शहर नाही.

हे शहर स्पॅनिश लोकांनी १७१८ मध्ये वसवलं. १७३१ मध्ये कॅनरी बेटांवरून काही कुटुंबं इथे येऊन स्थायिक झाली. १८२१ मध्ये मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला, १८३६ मध्ये टेक्सास मेक्सिकोपासून फुटला आणि १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झाला. म्हणजे इथल्या जुन्या मेक्सिकन घराण्यांना अमेरिकेत यावं लागलंच नाही. ती होती तिथेच राहिली, सरहद्द त्यांच्या डोक्यावरून पुढे गेली. स्वतःला ती तेहानो म्हणवतात. त्यांच्या स्वयंपाकात चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेला मका, घेवडा आणि सुक्या मिरच्या होत्याच. पण हा गुराख्यांचा मुलूख, त्यामुळे गोमांस, गव्हाच्या टोर्टिया आणि डुकराची चरबीही रोजची. शिवाय भरपूर जिरं. मध्य मेक्सिकोत जिरं बेतानं वापरतात, इथे मात्र सढळ हातानं. याचं श्रेय अनेक जण त्या कॅनरी बेटांवरच्या कुटुंबांना देतात. श्रेय कुणाचंही असो, जिऱ्याचा तो वास हीच टेक्स-मेक्सची पहिली ओळख आहे, आणि आपल्याला हे जेवण पहिल्या घासालाच ओळखीचं वाटतं तेही त्यामुळेच.

१८७७ मध्ये सॅन अँटोनिओला रेल्वे आली आणि तिच्याबरोबर बाहेरगावचे पाहुणे. त्यांना शहरात पाहायला मिळायच्या त्या 'चिली क्वीन्स'. दिवस मावळला की मिलिटरी प्लाझाच्या मोकळ्या चौकात मेक्सिकन बायका लांब मेजं मांडायच्या, कंदील लावायच्या आणि घरून करून आणलेलं चिली कॉन कार्ने विस्तवावर गरम ठेवायच्या. मांस, सुक्या मिरच्या, जिरं, लसूण. सोबत तमाले (मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेलं, सारण भरलेलं मक्याचं पीठ), बीन्स, टोर्टिया. गाडीवान, सैनिक, व्यापारी, प्रवासी सगळे एकाच मेजावर बसून जेवायचे. त्या चौकाच्या मधोमध नगरपालिकेची इमारत उभी राहिली, १८९१ मध्ये ती पुरी झाली, आणि या बायकांना तिथून हलावं लागलं. पुढे त्या या चौकातून त्या चौकात फिरत राहिल्या. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात 'सॅन अँटोनिओ चिली स्टँड' लागला आणि चिलीचं नाव देशभर झालं.

पैसा मात्र दुसऱ्यांनी केला. सॅन अँटोनिओच्या ईशान्येला न्यू ब्राउनफेल्स नावाचं जर्मन लोकांचं गाव आहे. तिथल्या विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरितानं १८९० च्या दशकात मेक्सिकोहून आणलेल्या सुक्या आंचो मिरच्या दळून, त्यात जिरं, ओरेगानो वगैरे मिसळून चिली पावडर विकायला काढली. (तिथे चिली पावडर मागितली तर आपलं लाल तिखट मिळत नाही, हा तयार मसाला मिळतो. नव्यानं आलेल्यांच्या भाज्या याच्यापायी बिघडतात.) मिरची एरवी हंगामातच मिळायची, पण बाटलीतला मसाला बारमाही झाला आणि टेक्सासच्या प्रत्येक स्वयंपाकघरात पोचला. मग १९०० मध्ये ओटिस फार्न्सवर्थ या गोऱ्या व्यावसायिकानं सॅन अँटोनिओत 'द ओरिजिनल मेक्सिकन रेस्टॉरंट' काढलं. चौकातलं जेवण छपराखाली, टेबलाशी आलं. एन्चिलाडा, तमाले, भात, बीन्स एकाच ताटात ठरलेल्या दरानं देण्याची पद्धत अशाच हॉटेलांतून रुळली. आज टेक्सासच्या कुठल्याही मेनूकार्डावर दिसणारं 'कॉम्बिनेशन प्लेट' ते हेच.

चौकातल्या बायकांच्या वाट्याला काय आलं? १९३७ च्या सुमारास आरोग्य खात्यानं स्वच्छतेच्या कारणावरून त्यांच्यावर बडगा उगारला. महापौर मॉरी मॅव्हरिक यांनी १९३९ मध्ये जाळीच्या तंबूंची अट घालून त्यांना परत बसू दिलं, पण ते फार टिकलं नाही. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला चिली क्वीन्स कायमच्या गेल्या. त्यांच्यातल्या बहुतेकींची नावंसुद्धा आज सांगता येत नाहीत, आणि गेबहार्टचं नाव मात्र मसाल्यावर छापलं जात राहिलं. १९७७ मध्ये टेक्सासनं चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं. तो मान खरं तर या बायकांचा होता.

त्यांच्या हातची चव टिकली ती चिली ग्रेव्हीत. डुकराच्या चरबीत मैदा बदामी होईपर्यंत भाजायचा, त्यात चिली पावडर, जिरं, लसूण आणि मीठ घालून क्षणभर परतायचं, मग मांसाचं पाणी थोडं थोडं ओतत, गुठळी होऊ न देता घोटत राहायचं. विटकरी रंगाची, चमच्याला धरून राहील इतपत दाट ग्रेव्ही होते. मक्याची टोर्टिया गरम तेलात बुडवून लगेच काढतात, म्हणजे ती तुटत नाही. आत किसलेलं पिवळं चीज आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा, गुंडाळी, वर ग्रेव्ही, परत चीज, आणि भट्टीत. वाढपी 'ताट गरम आहे' असं बजावूनच ताट ठेवतो. कडेला केशरी तवंग सुटलेला हवा. माझ्या मते टेक्स-मेक्स हॉटेलाची परीक्षा या एका पदार्थावर होते. चीज एन्चिलाडा ज्यांना जमली नाही त्यांचं बाकी काही खाऊन बघायची गरज नाही.

याच शहराचा दुसरा खास पदार्थ म्हणजे पफी टाको. मक्याच्या ओल्या पिठाचा गोळा थापायचा, पण भाजायचा नाही, कच्चाच तेलात सोडायचा. तो पुरीसारखा टम्म फुगतो. फुगत असतानाच मध्ये दाबून त्याला खोबण पाडतात आणि तीत खिमा, लेट्युस, टोमॅटो भरतात. तो मऊ पडायच्या आत संपवायचा असतो, पार्सल न्यायच्या कामाचा नाही. रेज ड्राइव्ह इन आणि हेन्रीज पफी टाकोज ही लोपेझ भावांच्या घराण्यातली दोन हॉटेलं यासाठी प्रसिद्ध आहेत. सॅन अँटोनिओ मिशन्स या बेसबॉल संघाचा शुभंकर चक्क पफी टाकोच्या पोशाखातला माणूस आहे, आणि सामन्याच्या दोन डावांच्या मधल्या वेळात लहान मुलं त्याच्यामागे धावून त्याला आडवं पाडतात. जुन्या बाजारातलं 'मी तिएरा' हे हॉटेल १९४१ चं. कोर्तेझ कुटुंबानं बाजारकऱ्यांसाठी तीन टेबलांवर सुरू केलं, आज तिथे शेकडो माणसं एका वेळी जेवतात.

इतकं सगळं असताना 'हे खरं मेक्सिकन नव्हे' हा शिक्का बसला कधी? १९७२ पर्यंत तेहानो कुटुंबं आपल्या जेवणाला साधं मेक्सिकन म्हणत होती. त्या वर्षी डायना केनेडी या मूळच्या ब्रिटिश लेखिकेचं मेक्सिकोच्या प्रांतोप्रांतीच्या पाककृतींचं पुस्तक अमेरिकेत आलं. तिचा अभ्यास दांडगा होता, त्यात शंका नाही. पण सरहद्दीच्या उत्तरेकडच्या जेवणाबद्दल तिचं मत वाईट होतं आणि शहरी खवय्यांनी ते उचलून धरलं. पिढ्यान्‌पिढ्या हॉटेल चालवणाऱ्यांना एकदम ऐकावं लागलं की तुमचं अन्न नकली आहे. ही माणसं त्या मातीतली होती, त्यांच्या आज्या-पणज्या हेच रांधत होत्या. केनेडी ज्या मेक्सिकोबद्दल लिहीत होत्या, त्याचे एवढे प्रांत, एवढ्या चवी; मग सरहद्दीच्या अलीकडचा हा एक प्रांत तेवढा का वगळायचा?

गंमत अशी की टेक्स-मेक्स खरं पसरलं ते याच दशकात. डॅलसच्या मारियानो मार्तिनेझनं १९७१ मध्ये आइसक्रीमच्या यंत्रात फेरफार करून फ्रोझन मार्गारिटा (टकिला आणि लिंबाचं बर्फाळ मद्य) बनवणारं यंत्र तयार केलं. ते यंत्र आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ह्यूस्टनमध्ये निन्फा लॉरेन्झो या विधवा बाईनं १९७३ मध्ये आपल्या टोर्टियाच्या कारखान्यातच दहा टेबलं मांडून हॉटेल सुरू केलं, आणि सरहद्दीवरच्या रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातल्या गुराख्यांचं फाहिता (विस्तवावर भाजून टोर्टियात घालून खायचं मांस) शहरी झालं. भारतात याची ओळख झाली ती बरीचशी टाको बेलमुळे, जी २०१० मध्ये बंगळूरुला आली. पण ती साखळी १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली, त्यामुळे पुण्या-मुंबईत कडक टाको खाऊन गेलेल्याला सॅन अँटोनिओचं ताट वेगळं लागतं.

तेव्हा शोधताना आधी ठरवा की खायचं काय आहे. एन्चिलाडा हवी तर जितकं जुनं हॉटेल तितकं बरं. पफी टाको हवा तर मागवल्यावर तळून देणारं. फाहिता हवं तर कोळशावर मांस भाजणारं. नुसत्या चरचरणाऱ्या तव्याला भुलू नका. गव्हाची टोर्टिया जिथे समोर लाटून भाजतात तिथे सहसा निराशा होत नाही.

शाकाहारी मंडळींनी मात्र विचारल्याशिवाय मागवू नये. घोटलेल्या बीन्समध्ये सहसा डुकराची चरबी असते, भात अनेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजतो, 'चीज एन्चिलाडा' म्हटली तरी वरची ग्रेव्ही सहसा मांसाची असते, आणि गव्हाच्या टोर्टियातही चरबी असू शकते. चिली ग्रेव्हीऐवजी टोमॅटोचा रांचेरो किंवा हिरवा सॉस मागता येतो, पण तोही कशात शिजवलाय ते विचारून घ्या. अंडं चालत असेल तर सकाळी जाणं सोपं. ब्रेकफास्ट टाको कुणाचा, यावरून २०१६ मध्ये ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओचं इतकं वाजलं की दोन्ही महापौरांना एकत्र येऊन तह करावा लागला. मक्याच्या टोर्टियात तेलावर परतलेलं बटाटा-अंडं, वर झणझणीत हिरवी साल्सा: हा टाको सॅन अँटोनिओच्या गल्लीबोळात मिळतो.