खुलासा: 'फोल्कुंग' हे त्या राजघराण्याचं नाव नव्हतंच

स्वीडनवर 1250 पासून राज्य केलेल्या घराण्याला आजही सर्रास 'फोल्कुंग' म्हटलं जातं. हे चूक आहे, आणि त्यात मेलेल्यांवर अन्यायही आहे. फोल्कुंग हा बंडखोर सरदारांचा गट होता. त्यांना सत्तेबाहेर ठेवूनच बिर्गर यार्लने ('यार्ल' म्हणजे राजाखालोखालचा सरदार) आपला अल्पवयीन मुलगा वाल्देमार याला गादीवर बसवलं; स्वतः बिर्गर कधीच राजा झाला नाही. 1251 मध्ये हेरेवाडच्या पुलापाशी त्याने फोल्कुंगांना अभय दिलं, असं जुना वृत्तांत सांगतो. ते पूल ओलांडून आले, शस्त्रं खाली ठेवली आणि त्यांची मुंडकी उडवली गेली. मारणाऱ्यालाच मेलेल्यांचं नाव चिकटवलं ते पुढच्या काळातल्या इतिहासकारांनी!

ब्येल्बो या मूळ गावावरून त्याला 'ब्येल्बो घराणं' म्हणणंच योग्य.

पुढे याच घराण्यात भाऊबंदकी माजली. 1317 मध्ये राजा बिर्गरने (हा बिर्गर यार्लचा नातू) दोन सख्ख्या भावांना मेजवानीला बोलावून कैद केलं. दोघेही कैदेतच मेले. 1364 मध्ये स्वीडनची गादी सुटली. नॉर्वेतली शाखा टिकली, पण 1387 मध्ये फाल्स्टरबो इथे 16 वर्षांचा राजा ओलाव निपुत्रिक वारला आणि राजवंशाची पुरुषशाखा खुंटली.