पित्त, आमसूल आणि डावी कूस

'पित्त झालंय' असं मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्याला नेमकं काय होतंय ते या दोन शब्दांवरून सांगता येत नाही. छातीत जळजळत असेल, घशाशी आंबट येत असेल, उन्हातून आल्यावर डोकं ठणकत असेल, मळमळत असेल, किंवा खाज सुटून अंगभर गांधी उठल्या असतील. या शेवटच्या प्रकाराला तर आपण सरळ 'अंगावर पित्त उठलं' म्हणतो. डॉक्टरांच्या लेखी ही निरनिराळी दुखणी आहेत. घरात मात्र शब्द एकच, आणि शब्द एक म्हणून औषधंही एकमेकांत मिसळलेली. गांधींवर आमसुलाचं पाणी चोळायचं आणि जळजळ होत असेल तर तेच साखर घालून प्यायचं. आम्लपित्तावरच्या आपल्या घरगुती उपायांचा इतिहास बघायला गेलं की या एका शब्दाची ताकद पदोपदी जाणवते.

जुन्या ग्रंथांत हे दुखणं सुरुवातीला वेगळं काढलेलंच नव्हतं. चरकसंहितेत अम्लपित्त हा शब्द येतो, पण त्यावर स्वतंत्र अध्याय नाही. गंमत म्हणजे तो जिथे येतो, तिथे कोकणाने जरा सावरून बसावं. कोणती गोष्ट कशात अग्रेसर याची एक यादी चरकाच्या सूत्रस्थानात आहे आणि अम्लपित्त उत्पन्न करणाऱ्यांत पहिला मान दिलाय कुळथाला. कुळथाची पिठी, भात आणि सुकी मासळी यांवर पिढ्या काढलेल्या घरांनी हे मनावर घेतलेलं दिसत नाही.

रोगाचं चित्र स्पष्ट मिळतं ते माधवनिदानात, म्हणजे साधारण सातव्या-आठव्या शतकात. अन्न न पचणं, थकवा, मळमळ, कडू-आंबट ढेकर, जडपणा, 'हृत्कण्ठदाह' म्हणजे छातीत आणि घशात आग, तोंडाला चव नसणं. आजच्या दवाखान्यात बसून एखाद्याने तक्रारी लिहून घ्याव्यात तसा हा श्लोक आहे. त्याचे दोन प्रकारही माधवाने केले: वर येणारं ते ऊर्ध्वग, खाली जाणारं ते अधोग. कारणांत विरुद्ध, बिघडलेलं, आंबट आणि जळजळ करणारं खाणं. आपल्या एकादशीच्या ताटाकडे या नजरेने बघा. साबुदाणा ज्यापासून होतो तो टॅपिओकाचा कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, चारही मूळचे अमेरिका खंडातले. माधवाला यांतलं एकही माहीत असणं शक्य नव्हतं. रिकाम्या पोटी तुपात परतलेली खिचडी आणि त्यावर दोन कप चहा झाल्यावर संध्याकाळी जे होतं, ते मात्र त्याच्या श्लोकात चपखल बसतं.

काश्यपसंहितेच्या खिलस्थानात, म्हणजे पुरवणी भागात, अम्लपित्ताला स्वतंत्र अध्याय आहे. ही संहिता फार काळ हाती नव्हती. नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितावरून ती १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर आली. काश्यपाचं एक निरीक्षण मला विशेष वाटतं: हा रोग आनूप देशात, म्हणजे पाणथळ, दमट मुलखात जास्त होतो, आणि औषधांनी बरा झाला नाही तर माणसाने मुलूख बदलावा. हा सल्ला अर्थातच आजीच्या बटव्यात उतरला नाही.

मग उतरलं काय? एक म्हणजे वमन. ऊर्ध्वग अम्लपित्तात आधी वांती करवून दोष बाहेर काढायचा, हा शास्त्रातला क्रम. त्याचं घरगुती रूप अजून भेटतं. पहाटे मोरीवर तांब्याभर मिठाचं पाणी पिऊन, घशात बोटं घालून, शेजारपाजार जागा होईल अशा आवाजात पित्त काढणारे आजोबा ज्यांनी पाहिलेत त्यांना वर्णन नको. पण शास्त्रातलं वमन रुग्ण तपासून, तयारी करून, क्वचित करायचं कर्म होतं. मोरीवर ते रोजचं दात घासणं झालं. रोजच आम्ल वर आणलं की अन्ननलिका आणि दात दोन्ही झिजतात.

दुसरं, धन्याचं पाणी. रात्री ठेचलेले धने पाण्यात भिजत घालायचे, सकाळी गाळून खडीसाखर घालून प्यायचं. ही कृती जवळजवळ जशीच्या तशी शार्ङ्गधरसंहितेत आहे, तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपासची. 'हिम' या प्रकारात धान्याक हिम सांगितला आहे, सकाळी साखर घालून प्यायचा, आतला दाह आणि तहान यांवर. इतक्या सरळ वाटेने ग्रंथातून स्वयंपाकघरात आलेला दुसरा उपाय मला आठवत नाही. त्यात जिरं कधी शिरलं ते कुणी टिपून ठेवलेलं नाही.

तिसरा आवळा. आंबट पदार्थ पित्त वाढवतात, हा चरकाचा सर्वसाधारण नियम; पण त्यालाच जोडून अपवाद दिलाय, डाळिंब आणि आवळा सोडून. सोळाव्या शतकातला भावप्रकाश त्याचं कारणही देतो: आवळा आंबट असल्याने वात, मधुर व थंड असल्याने पित्त आणि रूक्ष व तुरट असल्याने कफ शमवतो. आवळा असा शास्त्राच्या खास परवानगीने आत आला. मोरावळ्याचं नाव मात्र आपलं नाही. मुरब्बा हा अरबी-फारसीतून आलेला शब्द आणि पाकात फळ मुरवायची ती पद्धतही त्या बाजूची. गुलकंदाचंही तेच, गुल म्हणजे फूल आणि कंद म्हणजे खडीसाखर. उन्हाळ्यात पित्त शमवायला आपण चमचाभर घेतो तो हकिमांच्या परंपरेतला जिन्नस आहे. 'आपलं आयुर्वेदिक' म्हणून त्याची पाकिटं विकली जातात, त्याला इलाज नाही.

आणि आता आमसूल. ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याचा भारतीय वनस्पती-औषधींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात 'ब्रिंदाँव' या फळाची दखल आहे: आतून रक्तासारखं लाल आणि भलतंच आंबट. गोव्यात रातांब्याला, म्हणजे ज्याच्या सालीचं आमसूल किंवा कोकम होतं त्या फळाला, भिरंड म्हणतात, तेच हे. त्या काळी त्याची वाळलेली सालं पोर्तुगालला जायची ती शिरका करायला. हा वापर आंबटपणाचा. आणि कोकणच्या स्वयंपाकघरातही आमसुलाचं पहिलं काम तेच आहे, माशाच्या कढीला आणि वरणाला आंबट करणं.

मग ते 'पित्तावर गुणकारी' कसं झालं? भावप्रकाशातल्या वृक्षाम्लाला बहुतेक वैद्य कोकम मानतात. ते तिथे आंबट आणि उष्ण सांगितलंय, कच्चं असेल तर कफ-पित्त वाढवणारं. चरकाच्या अपवादातही त्याचं नाव नाही. म्हणजे या बाबतीत कोकणातली आजी ग्रंथाच्या थेट विरुद्ध आहे. माझा अंदाज असा की इथे 'पित्त' या शब्दानेच पूल बांधला. गांधींची आग आमसुलाच्या गार पाण्याने कमी वाटते, वैशाखात घाम गाळून आलेल्या माणसाला मीठ-साखर-जिरं घातलेलं सरबत तरतरी आणतं, आणि हे दोन्ही अनुभव खरे आहेत. तहानेची, उन्हाची आणि त्वचेची आग जर पित्त, तर छातीतली आगही पित्तच. फळ तेच, शब्द तोच. फक्त जागा बदलली. छातीत जळजळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने कोकम हे स्वतःच एक आम्ल आहे. सोलकढीत त्यावर नारळाचा स्निग्ध रस, लसूण आणि हिरवी मिरची. मला सोलकढी दोन वाट्या लागते, पण औषध म्हणून मी तिचं नाव घेणार नाही.

औषधाच्या दुकानातली जुनी नावं घरगुती वाटतात, तीही एकदा उघडून बघावीत. अविपत्तिकर चूर्णात त्रिफळा, त्रिकटु, नागरमोथा, वावडिंग, वेलदोडा, लवंग हे सगळं आहे. पण वजनाने बघितलं तर जवळजवळ निम्मी साखर आणि तिसरा हिस्सा निशोत्तर. निशोत्तर हे रेचक. म्हणजे या चूर्णाचा रोख पोट साफ करून पित्त खाली नेण्यावर आहे. मधुमेह असलेल्यांनी त्यातली साखर ध्यानात घ्यावी. सूतशेखर तर घरगुती मुळीच नव्हे. 'सूत' म्हणजे पारा. सोबत गंधक, ताम्रभस्म, बचनाग, धोत्र्याचं बी. योगरत्नाकर या ग्रंथातला हा कल्प वैद्याच्या हातचा. शेजारणीच्या शिफारशीवर तो महिनोन्‌महिने खाणाऱ्यांना या घटकांची यादी बहुधा कुणी वाचून दाखवलेली नसते.

पोटात आम्ल असतं, आणि ते हायड्रोक्लोरिक, हे लंडनच्या विल्यम प्राउटने १८२४ मध्ये दाखवलं. त्याच सुमारास अमेरिकेत एका तरुणाच्या पोटात बंदुकीच्या गोळीने कायमचं भोक पडलं, आणि त्याचा डॉक्टर विल्यम ब्यूमाँट त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे सोडून पचन कसं होतं ते वर्षानुवर्षं बघत राहिला. आम्ल म्हटलं की त्यावर अल्कली, हा हिशेब सोपा होता. इंग्लंडात न्यूकॅसलच्या जेम्स क्रॉसली ईनो या औषधविक्रेत्याचं फ्रूट सॉल्ट एकोणिसाव्या शतकात साम्राज्यभर पसरलं. आज ते आपल्याकडे ढोकळ्यातही पडतं, कारण मुळात तो खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल आहे. फसफसून वायू होतो, ढेकर येतो, बरं वाटतं. त्यातल्या सोडियममुळे रक्तदाब असलेल्यांना ते रोज परवडत नाही. 'ॲसिडिटी' हा शब्दही याच वाटेने आला आणि मराठीत पित्ताशेजारी ठाण मांडून बसला.

थंड दुधाला दोन्हीकडून बळ मिळालं. आयुर्वेदात दूध पित्तशामक होतंच. तिकडे शिकागोच्या बर्ट्रम सिप्पीने १९१५ मध्ये अल्सरच्या रुग्णांसाठी तासातासाला दूध-साय आणि जोडीला अल्कली पूड असा आहार मांडला, आणि कित्येक दशकं जगभरच्या रुग्णालयांत तो चालला. पुढे कळलं की दूध सुरुवातीला आम्ल शमवतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम थोड्या वेळाने आम्ल आणखी स्रवायला लावतात. रात्री दूध पिऊन शांत झोपलेला माणूस दोनला का उठतो, याचं उत्तर त्यात आहे.

ज्येष्ठमधाची गोष्ट सगळ्यांत वेगळी, कारण या एका मुळीची कसून परीक्षा झाली. नेदरलँड्समध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की गावातल्या एका औषधविक्रेत्याच्या मिश्रणाने अल्सरच्या रुग्णांना आराम पडतोय. मिश्रणात ज्येष्ठमधाचा अर्क होता. १९४६ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं, आणि सोबत हेही, की काही रुग्णांच्या अंगावर सूज येतेय. त्यावरून ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात कार्बेनॉक्सोलोन हे औषध निघालं. गुण आला आणि दोषही आला: सोडियम साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब वाढतो. मग दोषी घटक काढून टाकलेला ज्येष्ठमध तयार झाला. तेवढ्यात १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडिन हे नवं औषध बाजारात आलं आणि ही मुळी मागे पडली. 'वनस्पती आहे, अपाय काय करणार' या वाक्यावर यापेक्षा चांगलं उत्तर मला ठाऊक नाही.

आम्लच तयार होऊ न देणारी औषधं सिमेटिडिनपासून सुरू झाली. ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅकला १९८८ चं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी ओमेप्राझोल आलं. त्याची भावंडं आज वाण्याकडच्या गोळीइतकी सहज घेतली जातात. बरेच दिवस घेऊन एकदम थांबवली की आम्ल उसळतं, जळजळ आधीपेक्षा जास्त वाटते. अशा वेळी माणूस पुन्हा धने, आवळा, गुलकंदाकडे वळतो. हर्बल पाकिटांचा आजचा बाजार बऱ्याच अंशी या उसळीवर उभा आहे, असं माझं मत.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली होती. छातीतली जळजळ आम्ल फार झाल्यानेच होते असं नाही. आम्ल नको तिथे, म्हणजे अन्ननलिकेत गेल्याने होते. न्यूयॉर्कच्या ॲशर विंकलस्टाइनने १९३५ मध्ये हे मांडलं. पुढे लक्ष गेलं ते अन्ननलिकेच्या तळाशी असलेल्या स्नायूच्या झडपेकडे. ती सैल झाली की पोटातलं वर येतं. मग काही घरगुती उपाय उलटेच निघाले. पोट गच्च झालं की पुदिन्याचा अर्क घेतात. पुदिना हीच झडप सैल करतो. आणि 'पित्त' या शब्दाची सर्वांत महागडी चूक इथेच होते. छातीत दडपण, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, आणि घरात कुणीतरी म्हणतं, पित्त असेल, सोडा घे. ती वेळ सोड्याची नसते, रुग्णालय गाठायची असते. गिळताना अन्न अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल, तरी तेच.

झडपेचा विचार आपल्या परंपरेत नव्हता. पण जेवल्यावर शतपावली आणि मग वामकुक्षी, हे सांगणारे लोक होते. वामकुक्षी म्हणजे दुपारची झोप असा अर्थ आता रूढ झालाय, पुण्याच्या दुकानांवर तर विनोदही झालेत; शब्दाचा अर्थ मात्र डावी कूस एवढाच. १९९० च्या दशकात अन्ननलिकेत आम्लता मोजणारी बारीक नळी ठेवून लोकांना निरनिराळ्या कुशींवर झोपवलं गेलं. उजव्या कुशीवर आम्ल जास्त वेळ वर राहिलं, डाव्या कुशीवर कमी. जठराचा फुगीर भाग डावीकडे आहे. त्या कुशीवर झोपलं की तो झडपेच्या खालच्या पातळीला राहतो. यात ना चूर्ण, ना पाक, ना सरबत.