झोटेरो की मेंडले? या भांडणामागचं २०१८

एमए, पीएचडीवाल्या मुलांच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, नोट्स आणि संदर्भ ठेवायला झोटेरो घेऊ का मेंडले. मग जुनी मंडळी तावातावाने लिहायला लागतात आणि नवीन मुलांना कळत नाही की साध्या फुकटच्या सॉफ्टवेअरवरून एवढं काय पेटलंय. ते कळायला २०१८ मध्ये काय झालं ते माहीत पाहिजे, म्हणून ही पार्श्वभूमी.

कॉम्प्युटरच्या आधी नोट्स आणि संदर्भ कागदी कार्डांवर लिहून ठेवायचे, त्या काळाबद्दल फार लिहीत नाही, ती कार्डं आपल्या सगळ्यांच्या सरांकडे बाईंकडे पाहिलेली आहेत. एकच सांगते. माझ्या बाईंकडे बुटांच्या खोक्यांत लावलेली कार्डं होती, घर कलिन्याला तळमजल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि खालच्या फळीवरची सगळी खोकी पाण्यात गेली. आम्ही ती कार्डं पंख्याखाली चादरीवर पसरून वाळवली. उतारे बऱ्यापैकी लागत होते कारण ते बॉलपेनने होते, पण पान नंबर बाई कायम शाईच्या पेनने कोपऱ्यात लिहायच्या आणि तिथे नुसता निळा डाग उरलेला. पान नंबर गेला की उतारा असून नसल्यासारखा. पुढचं वर्षभर बाई परत फोर्टला आणि दादरला लायब्रऱ्यांत जाऊन तीच पुस्तकं उलगडत बसल्या.

तोपर्यंत कॉम्प्युटरवर सोय नव्हती असं नाही. संदर्भयादी लावून देणारं बिबटेक गणित-फिजिक्सवाल्यांकडे १९८५ पासून होतं, त्याच कामाचं एंडनोटही ऐंशीच्या दशकातलंच, पण ते विकतचं आणि आर्ट्सच्या मुलांच्या कानावर सुद्धा न आलेलं. झोटेरो २००६ ला आलं आणि ते अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांनी केलेलं होतं, म्हणून असेल, पण आपल्याला काय लागतं ते त्यांना बरोबर समजलेलं. फायरफॉक्सच्या आत बसायचं, पुस्तकाचं पान उघडलं की वर चिन्ह दिसायचं, क्लिक केलं की लेखक, साल, प्रकाशक सगळं आपोआप रकान्यांत. सुरुवातीला सिंक नव्हतं, म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर नोंद केली तिथेच ती राहणार, त्यामुळे सायबर कॅफेवाली मुलं अख्खं फायरफॉक्सच पेन ड्राइव्हवर घेऊन फिरायची. एंडनोटच्या कंपनीने २००८ ला त्या विद्यापीठावर केसही टाकली, आमच्या स्टाइल फाइली (संदर्भ कोणत्या पद्धतीने छापायचे ते ठरवणाऱ्या) तुमच्यात चालतात म्हणून, ती २००९ ला निकालात निघाली.

मेंडले २००८ चं. त्यात पीडीएफ तिथल्या तिथे वाचून पिवळी करता यायची आणि फुकटची जागा २ जीबी, झोटेरोत ३०० एमबी. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन फाइली किती जड असतात ते आपल्याला माहितीय, त्यामुळे पोरं तिकडे वळली यात त्यांचं काही चुकलं नाही. २०१३ ला जर्नल छापणाऱ्या एका बड्या कंपनीने मेंडले विकत घेतलं तेव्हा काही जण सोडून गेले, पण बहुतेक राहिले, कारण पीएचडीच्या मध्यात घर कोण बदलतं.

आता २०१८. मेंडलेचा सगळा माल तुमच्याच कॉम्प्युटरवर एका साध्या डेटाबेस फाइलीत असायचा, ती उघडून दुसरं सॉफ्टवेअर वाचू शकायचं, आणि झोटेरोने ती थेट आत ओढून घ्यायची सोय केली. त्यानंतर लवकरच मेंडलेची १.१९ आवृत्ती आली आणि ती फाइल कुलूपबंद झाली, एन्क्रिप्ट. कंपनीचं म्हणणं असं की युरोपात त्याच वर्षी मे महिन्यात प्रायव्हसीचा नवा कायदा लागू झाला, एकाच कॉम्प्युटरवर चार जण बसत असतील तर एकाच्या नोट्स दुसऱ्याने का वाचाव्यात. कॉलेजच्या लॅबमध्ये बसलेल्या कुणालाही हे पटेल, मलाही पटतं. पण मग किल्ली माझ्याकडे द्या ना. ती दिली नाही, आणि माझा मुद्दा तेवढाच आहे. संदर्भांची यादी एक्सपोर्ट करता यायची हे खरं, ते मुद्दाम सांगते कारण ‘सगळं अडकलं’ असं जे लिहिलं जातं ते चूक आहे. पण यादी म्हणजे नोट्स नव्हेत. फोल्डरची रचना त्या यादीत येत नव्हती, पिवळं केलेलं येत नव्हतं, आणि प्रकरणवार लावलेले फोल्डर हा तर अर्धा प्रबंध असतो. ज्यांच्याकडे १.१९ च्या आधीचा बॅकअप होता ते सुटले. नंतर ऑनलाइन खात्यावरून सामान हलवायची वाट झाली, मग २०२१ ला मेंडलेचं मोबाइल अॅप बंद, २०२२ ला जुनं डेस्कटॉपही डाउनलोडला मिळेनासं झालं.

आणि त्याच २०१८ ला आपल्याकडे वाङ्मयचौर्याचे नियम आले, १० टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, त्यापुढे पायऱ्या-पायऱ्यांनी कारवाई. म्हणजे एकीकडे संदर्भ काटेकोर पाहिजेत आणि दुसरीकडे ते ठेवायचं कपाटच कुलपात, असं एकाच वर्षात झालं. भांडणात जो राग दिसतो तो तिथला आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांचं दुखणं अजून वेगळं, त्यावर कुणी बोलतच नाही. आपल्या तळटीपांत ‘तत्रैव’ (त्याच ठिकाणी) आणि ‘उ. नि.’ (वर उल्लेखलेलं) असतं, पण स्टाइल इंग्रजी निवडली की मराठी यादीच्या मध्येच ‘एट अल’ (म्हणजे ‘आणि इतर’) उगवतं. आणि शके! जुन्या पुस्तकावर शके १८३२ छापलेलं असतं, मुलं तारखेच्या रकान्यात १८३२ टाकतात, सॉफ्टवेअर ते इसवी सन समजतं आणि १९१० चं पुस्तक यादीत पाऊणशे वर्षं मागे जाऊन बसतं. आमच्याकडे आता ठरलंय, ७८ मिळवून इसवी सन तारखेत, जानेवारी ते मार्चमधलं असेल तर ७९, आणि पुस्तकावरचं शके जसंच्या तसं ‘एक्स्ट्रा’ रकान्यात.