आवाजाला लागणारी ताकद पुरवतं कोण?

८०७ हा व्हॉल्व्ह (व्हॅक्युम ट्यूब) वापरून हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, ४० मीटर पट्ट्यासाठी ए.एम. ट्रान्समीटर (आवाजाप्रमाणे लहरीची उंची बदलणारा) बांधायला घेतला, की ऑसिलेटर (मूळ लहर तयार करणारं सर्किट) आणि टँक कॉइल (ती फ्रिक्वेन्सी निवडणारी कॉइल) यांत बराच वेळ जातो. खरा निर्णय मात्र त्यापुढचा: आवाज रेडिओ लहरीवर चढवायचा कुठून? व्हॉल्व्हच्या प्लेटवर (करंट गोळा करणारा इलेक्ट्रोड), स्क्रीनवर (प्लेटच्या आधीची जाळी) की कंट्रोल ग्रिडवर (करंट ताब्यात ठेवणारी जाळी)? बहुतेक जण खर्च बघून ठरवतात. माझं म्हणणं, आधी शक्तीचा हिशोब मांडावा.

आवाज लहरीवर चढवणं म्हणजे मॉड्युलेशन. ते १०० टक्के असताना लहरीची उंची शून्यापासून दुपटीपर्यंत जाते. उंची दुप्पट, म्हणजे त्या क्षणी शक्ती चौपट. एकच सूर धरून ठेवला तर सरासरी शक्ती कॅरियरच्या, म्हणजे आवाज नसतानाच्या नुसत्या लहरीच्या, दीडपट होते. ही जादा अर्धी शक्ती कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या फ्रिक्वेन्सींत, म्हणजे दोन साइडबँडमध्ये जाते आणि आपलं बोलणं तेवढ्यातच असतं.

प्लेट मॉड्युलेशनमध्ये ती शक्ती ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर देतो. ८०७ च्या प्लेटला ६०० व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर, म्हणजे ६० वॅट दिले, तर ऑडिओ लागतो त्याच्या निम्मा, ३० वॅट. मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरमुळे प्लेटचं व्होल्टेज ० ते १२०० च्या दरम्यान झुलतं. ट्रान्सफॉर्मरला समोर भार दिसतो ६०० भागिले ०.१, म्हणजे ६००० ओहमचा. वेढ्यांचं गुणोत्तर त्यावरूनच काढायचं. स्क्रीनही प्लेटबरोबर झुलायला हवी, म्हणून तिचा रेझिस्टर मॉड्युलेट झालेल्या पुरवठ्यावरूनच घ्यायचा. हे विसरलं तर मॉड्युलेशन पूर्ण खोलीपर्यंत जात नाही. व्हॉल्व्ह क्लास सी मध्ये (लहरीच्या थोड्याच भागात करंट वाहू देत) ७० टक्के कार्यक्षमतेने चालतो, तेव्हा कॅरियर ४० वॅटच्या आसपास मिळतो.

ट्रान्सफॉर्मर मिळत नसेल तर वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या रेमंड हाइझिंग यांची जुनी युक्ती आहे. एकाच चोकमधून (करंटमधल्या बदलाला विरोध करणारी कॉइल) मॉड्युलेटर (ऑडिओ शक्ती देणारा व्हॉल्व्ह) आणि आर.एफ. (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा) व्हॉल्व्ह दोघांना करंट द्यायचा. चोक एकूण करंट बदलू देत नाही. मॉड्युलेटरने जास्त ओढला की आर.एफ. व्हॉल्व्हच्या वाट्याला कमी येतो. अडचण एवढीच, की मॉड्युलेटरची प्लेट शून्य व्होल्टपर्यंत उतरू शकत नाही. म्हणून आर.एफ. व्हॉल्व्हच्या वाटेत रेझिस्टर घालून त्याचं व्होल्टेज थोडं खाली ठेवतात आणि ऑडिओसाठी त्या रेझिस्टरला कपॅसिटरने बायपास करतात.

ग्रिड किंवा स्क्रीन मॉड्युलेशनला जेमतेम काही वॅट ऑडिओ पुरतो, म्हणून मोह होतो. पण मग जादा शक्ती आली कुठून? व्हॉल्व्हच्याच राखून ठेवलेल्या क्षमतेतून. शिखरावर ७० टक्के कार्यक्षमता गाठायची, तर नुसत्या कॅरियरला ती निम्मी, ३५ टक्केच ठेवावी लागते. म्हणजे आपण गप्प असताना व्हॉल्व्ह सर्वाधिक तापतो! प्लेट २५ वॅट उष्णता सोसते असं धरलं, तर इनपुट ३८ वॅटवर थांबतं आणि कॅरियर जेमतेम १३ वॅटचा. त्याच व्हॉल्व्हमधून ४० ऐवजी १३. त्यामुळे पहिला ट्रान्समीटर म्हणून स्क्रीन मॉड्युलेशन ठीक. टिकाऊ काम हवं असेल तर प्लेट मॉड्युलेशनची दगदग घ्यावीच.

हॅम परवाना हातात असला तरी पहिली चाचणी डमी लोडवरच (अँटेनाऐवजी लावलेला रेझिस्टर) करावी. बोलताना प्लेट मीटरचा काटा जवळजवळ स्थिर हवा. तो उड्या मारत असेल तर ड्राइव्ह (ग्रिडला मिळणारा सिग्नल), लोडिंग (शक्ती बाहेर ओढणारी जोडणी) किंवा ऑडिओ चुकतंय. ऑसिलोस्कोपवर ट्रॅपेझॉइड आकृती (आडव्या अक्षावर ऑडिओ, उभ्यावर मॉड्युलेट झालेली लहर) काढली, तर १०० टक्क्यांना तिचा नेमका त्रिकोण होतो. त्रिकोणाच्या टोकापुढे आडवी शेपटी निघाली, की कॅरियर मध्येच तुटतोय आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर खरखर पसरतेय. आणि आर.एफ. व्हॉल्व्ह बंद असताना मॉड्युलेटरला आवाज देऊ नये. भार नसल्याने ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज भलतंच चढतं आणि वेढ्यांमधलं इन्सुलेशन ठिणगी पडून फुटतं.