बूटलेग ध्वनिमुद्रिका व पिक्चर डिस्क यांचा संग्रह (डेव्हिड बोवी)

इंग्लिश रॉक गायक-गीतकार डेव्हिड बोवी (८ जानेवारी १९४७ – १० जानेवारी २०१६) यांच्या अनधिकृतपणे काढलेल्या विनाइल तबकड्या आणि चित्रांकित तबकड्या जमवण्याचा छंद. बूटलेग ही बनावट तबकडीपेक्षा वेगळी असते. बनावट तबकडी बाजारात मिळणाऱ्या मालाची हुबेहूब नक्कल करते, तर बूटलेगवर कंपनीने कधीच न काढलेले ध्वनिमुद्रण असते : एखादी मैफल, रेडिओवरचे प्रक्षेपण किंवा स्टुडिओतून बाहेर पडलेली फीत.

रॉक संगीतातील या व्यवसायाची सुरुवात १९६९ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये झाली, असे सामान्यतः मानले जाते. बॉब डिलन यांच्या अप्रकाशित गाण्यांचा ‘ग्रेट व्हाइट वंडर’ हा दोन तबकड्यांचा संच तेव्हा कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात विक्रीला आला. अमेरिकेत ध्वनिमुद्रणांना संघीय कायद्याचे संरक्षण १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळू लागले, त्यामुळे आरंभीच्या विक्रेत्यांना धाक कमी होता. ‘ट्रेड मार्क ऑफ क्वालिटी’सारखी बूटलेग काढणारी लेबले याच काळात नावारूपाला आली. साधे वेष्टन, त्यावर चिकटवलेला किंवा आत सरकवलेला छापील कागद आणि काही वेळा रंगीत विनाइल ही त्यांची ठळक लक्षणे होती.

बोवी यांच्या संग्राहकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची मैफल २० ऑक्टोबर १९७२ रोजी कॅलिफोर्नियातील सांता मोनिका सिव्हिक ऑडिटोरियममध्ये झाली. बोवी यांनी मंचावर रंगवलेल्या ‘झिगी स्टारडस्ट’ या पात्राच्या नावाने झालेल्या दौऱ्यातील ही मैफल केएमईटी या एफएम केंद्राने प्रक्षेपित केल्यामुळे तिचे ध्वनिमुद्रण श्रोत्यांमध्ये बसून लपवलेल्या यंत्रावर केलेल्या मुद्रणापेक्षा कितीतरी स्वच्छ होते. पुढची तीन दशके आणि अधिक काळ ती निरनिराळ्या नावांनी आणि वेष्टनांनी फिरत राहिली व २००८ मध्ये अधिकृतपणे प्रकाशित झाली. लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधील ३ जुलै १९७३ च्या मैफलीची गोष्ट याहून बोलकी आहे. त्या रात्री गिटारवादक जेफ बेक मंचावर आले होते, परंतु १९८३ मध्ये निघालेल्या अधिकृत अल्बममधून त्यांचा सहभाग असलेली गाणी वगळण्यात आली आणि अधिकृत आवृत्तीत ती २०२३ मध्येच आली. मधल्या चाळीस वर्षांत ती ऐकू इच्छिणाऱ्याला बूटलेगशिवाय फारसा मार्ग नव्हता. बूटलेगचे खरे मोल अशा जागी कळते. नुसती दुर्मिळता त्यामानाने दुय्यम आहे.

तबकडी पारखताना जाणकार आधी ध्वनीचा उगम पाहतात. रेडिओचे प्रक्षेपण, मंचावरील ध्वनिनियंत्रण यंत्रातून थेट घेतलेली फीत आणि प्रेक्षागृहातून केलेले मुद्रण यांच्या दर्जात मोठा फरक असतो. फितीवरून फीत उतरवत गेल्यास प्रत्येक प्रतीगणिक खरखर वाढते, म्हणून मूळ फितीच्या जवळची प्रत श्रेष्ठ ठरते. वेष्टनावरील मैफलीची तारीख आणि गाव पुष्कळदा चुकीचे असते, काही वेळा तर मुद्दाम चुकवलेले असते. त्यामुळे शेवटच्या खोबणीनंतरच्या मोकळ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (तबकडीच्या साच्याचा ओळख क्रमांक) हाच पहिले मुद्रण आणि नंतरची पुनर्मुद्रणे वेगळी ओळखण्याचा भरवशाचा आधार ठरतो.

पिक्चर डिस्कच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो, कारण ती मुख्यतः पाहण्यासाठी घेतली जाते. विनाइलच्या गाभ्यावर दोन्ही बाजूंनी छापील चित्रे ठेवून त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकची पातळ पाने दाबतात आणि खोबण्या त्या पानांवर उमटतात. परिणामी नेहमीच्या काळ्या तबकडीपेक्षा तिच्यात पार्श्वभूमीचा खरखराट सहसा जास्त असतो. बोवी यांची रूपे अल्बमगणिक बदलत असल्याने या प्रकाराला त्यांच्याइतका अनुरूप कलावंत विरळाच. आरसीए कंपनीने १९८२ मध्ये ‘फॅशन्स’ हा सात इंची दहा पिक्चर डिस्कचा अधिकृत संच काढला, तर २०१२ पासून जुन्या एकल गाण्यांच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त तशाच तबकड्यांची मालिका सुरू झाली. अनधिकृत पिक्चर डिस्क याच मागणीवर पोसल्या गेल्या. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये निघालेल्या मुलाखतींच्या पिक्चर डिस्क मात्र वेगळ्याच वर्गात मोडतात : त्यांत संगीत नसल्याने गाण्यांच्या हक्काचा प्रश्न टळत असे. ‘मर्यादित आवृत्ती’ या त्यांच्यावरील शब्दांवर फार विश्वास ठेवू नये.

युरोपात काही देशांच्या कायद्यांतील फटींमुळे परदेशी कलावंतांच्या मैफली उघडपणे विकल्या जात. ब्रिटिश गायक फिल कॉलिन्स यांच्या १९८३ मधील कॅलिफोर्नियातील मैफलीच्या तबकडीवरून जर्मनीत खटला उभा राहिला आणि २० ऑक्टोबर १९९३ रोजी युरोपीय न्यायालयाने सदस्य देशांच्या कलावंतांना राष्ट्रीयत्वावरून संरक्षण नाकारता येणार नाही असा निर्णय दिला. भारतात मैफलीतील कलावंताचे हक्क १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने आले. अशा तबकड्या छापणे आणि विकणे आज बहुतेक देशांत बेकायदेशीर आहे. ‘डिस्कॉग्स’ या तबकड्यांच्या इंटरनेटवरील मोठ्या सूचीत व बाजारपेठेत त्यांची ‘अनधिकृत’ म्हणून नोंद होते, पण तेथे त्यांची विक्री करू दिली जात नाही.

अधिकृत आवृत्ती आली की बूटलेगचे श्रवणमूल्य बहुधा संपते, परंतु सत्तरच्या दशकातील मूळ मुद्रणांची मागणी त्यामुळे संपलेली नाही. त्यांची ओबडधोबड वेष्टने आणि हाताने लावलेले कागद आता त्या काळाचे दस्तऐवज म्हणून जमवले जातात. नव्याने छापलेल्या अनधिकृत प्रतींना हे लागू होत नाही, कारण त्यांतील बरेचसे ध्वनिमुद्रण इंटरनेटवर आधीच उपलब्ध असते. बोवी यांनी २००० मध्ये ध्वनिमुद्रित केलेला ‘टॉय’ हा अल्बम २०११ मध्ये असाच इंटरनेटवर फुटला आणि अधिकृतपणे २०२१ मध्ये आला.