ओआरएसची पुडी आणि स्ट्रॉचा खोका

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळायला लागला, की मेडिकलवर "ओआरएस द्या" हा घोष सुरू होतो. ओआरएस म्हणजे जुलाबात अंगातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारं मीठ-साखरेचं मिश्रण. काउंटरवर मात्र दोन निराळ्या वस्तू येऊ शकतात. एक पाण्यात विरघळवायची पुडी, दुसरा स्ट्रॉ लावलेला, संत्र्याचं चित्र असलेला खोका. जुलाबानं हैराण झालेलं पोरगं खोका मागतं, आईलाही पाणी मोजत बसण्यापेक्षा तेच सोयीचं वाटतं.

पाणी, साखर, मीठ दोन्हीकडे असू शकतं. सगळा खेळ प्रमाणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं २००२ पासूनचं सूत्र असं: एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणीही आत जातं. बहुतेक जुलाबांत ही वाट चालू राहते, म्हणून पुडी काम करते. खोक्यातल्या गोड पेयांत लिटरमागे शंभर ग्रॅमच्या घरात साखर असणं नेहमीचं, आणि सोडियम बेताचंच. न शोषलेली साखर अंगातलंच पाणी आतड्यात ओढते. म्हणजे जुलाब थांबावेत म्हणून पाजलं आणि ते वाढले!

पुडीमागे एका बालरोगतज्ज्ञाचं मोठं काम आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी (कॉलरा) पसरली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. खोक्यावरच्या नावाविरुद्धही बालरोगतज्ज्ञच लढल्या. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यांनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला. "हे ओआरएस नव्हे" अशी बारीक सूचना छापून नावात ओआरएस वापरायची मुभा होती. ती अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये काढून घेतली. मुलांच्या डॉक्टरचं काम तपासून चिठ्ठी लिहिण्यापुरतं असतं, असं मानणाऱ्यांनी ही दोन कामं पाहावीत. नाव गेलं तरी खोके आहेतच, तेव्हा पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते वाचूनच घ्यावं.

आता पुडीचीही एक गंमत. आशाताईंनी फुकट दिलेली लिटरची पुडी घरात असते, पण ती पेल्यात चिमूट-चिमूट टाकून पाजली जाते. पातळ झालं तर उपयोग कमी. घट्ट झालं तर रक्तात मीठ वाढून धोका. एक लिटरच्या रिकाम्या बाटलीनं पिण्याचं पाणी मोजावं आणि अख्खी पुडी एकदम त्यात रिकामी करावी. वरून साखर नको, लिंबू नको, दूध तर मुळीच नको. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यावं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. अंगावरचं दूध चालूच ठेवावं. मोठ्या मुलाला मऊ खिचडी, केळं चालतं. केळ्याला तर आपल्याकडे तोटा नाही. डॉक्टर सोबत झिंकही देतात, जुलाब थांबले तरी ते चौदा दिवस पुरं करायचं.

डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, लघवी होईना, शौचात रक्त दिसलं किंवा मूल मलूल पडून काहीच पिईना, तर घरचे उपाय बास. लगेच दवाखाना गाठावा. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून निघायचं तर घाटातच बराच वेळ जातो. मूल शुद्धीवर असेल, गिळत असेल, तर गाडीतही बाटली आणि चमचा हाताशी ठेवून थोडं थोडं पाजत राहावं.